उभ्या रेघा

ही गोष्ट खरी आहे. विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. खोटं सांगून मला काही मिळणार नाही.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. भर दुपारची आहे. बुधवार होता, दोन वाजून गेले होते, बाहेर लख्ख ऊन होतं. जागा म्हणजे एका मोठ्या हॉस्पिटलचा तिसरा मजला, लहान मुलांचा आयसीयू. सहा बेड. त्यातला तीन नंबरचा, खिडकीजवळचा.

घडलं ते माझ्या वहिनीच्या बाबतीत. वहिनी तिथे डॉक्टर आहे. घरात भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की ती जांभई देते. भूत परवडलं, त्याला ड्युटी तरी नसते, असं म्हणणारी बाई.

तिने हे मला एकदाच सांगितलं. भांडी घासता घासता, माझ्याकडे न बघता. जसं ऐकलं तसं सांगतो.

किडनी बंद पडलेली मुलं वहिनीकडे येतात. कुणाला रक्तात जंतू झालेले असतात, कुणाचं जुलाबांनी अंगातलं पाणी संपलेलं असतं. अशा मुलाच्या खाटेभोवती दिवसभर एकच प्रश्न फिरत असतो.

शू झाली का?

मोठमोठ्या डिग्र्यांची माणसं हेच विचारतात. दार उघडलं की बाहेर बसलेले आईबाप हेच विचारतात. नळीला लावलेल्या पिशवीत दोन चमचे जमले तरी सिस्टर ओरडून सांगते आणि अख्ख्या मजल्याचा जीव भांड्यात पडतो.

पण तोवर सलाईनचं गणित फार अवघड असतं. कमी पडलं तर किडनी आणखी सुकते. जास्त झालं तर त्या पाण्याला बाहेर पडायला वाट नसते. मग ते फुप्फुसात चढतं आणि मूल आतल्या आत बुडायला लागतं.

ते कळावं म्हणून चाकांचं सोनोग्राफी मशीन बेडशी आणतात. साबणाच्या वडीएवढा प्रोब हातात धरायचा, छातीवर जेल लावायचं, प्रोब टेकवायचा. पडद्यावर आडव्या रेघा दिसल्या तर फुप्फुस कोरडं. वरून खाली उतरणाऱ्या उभ्या पांढऱ्या रेघा दिसल्या तर पाणी. एकदोन उभ्या चालतात. गर्दी झाली की धावायचं.

आडव्या का उभ्या. वहिनीचं निम्मं आयुष्य या प्रश्नात गेलंय.

त्या बुधवारच्या तीन आठवडे आधी तीन नंबरला एक सात वर्षांची मुलगी होती. तिला सगळे हेडबाई म्हणायचे. आल्या दिवसापासून तिने सगळ्यांची तपासणी सुरू केली होती. सिस्टरची नखं, वॉर्डबॉय मामांचे बूट, वहिनीचं अक्षर, सगळ्याला शेरे मिळायचे. वहिनीच्या अक्षराला दहापैकी दोन.

जेल गार लागतं म्हणून ती कुरकुर करायची. मग वहिनी बाटली आधी दोन्ही तळव्यांत धरून कोमट करायची. मशीनचा कीबोर्ड खाली सरकवायची, म्हणजे खाटेवर बसून हेडबाईचा हात पोचेल. पडद्यावर एक छोटा बाण आणता येतो, डॉक्टर लोक तो एखाद्या जागेकडे दाखवायला ठेवतात. तो बाण फिरवायचं काम हेडबाईकडे असायचं. पण ती तो उगाच कुठेही ठेवायची नाही. आधी विचारायची, इथे? वहिनी हो म्हणाली की मगच बटण दाबायची.

"आडव्या का उभ्या?" असं विचारून मग ती स्वतःच उत्तर द्यायची. आठवड्याभरात तिला कळायला लागलं होतं. पोरगी खरंच हुशार होती.

कधी कधी प्रोब ओढून घ्यायची. आता तू झोप, मी तुला बघते, म्हणायची. वहिनी नेहमी उद्या म्हणायची.

तो उद्या राहिला.

झालं ते असं. वहिनीबरोबरचा डॉक्टर आजारी पडला होता आणि वहिनी तीस तास उभी होती. सकाळी हेडबाईच्या छातीत दोनतीन उभ्या रेघा होत्या. रक्तदाब कमी म्हणून सलाईन चालू होतं. दोन वाजता परत बघायचं ठरलं होतं. पावणेदोनला वहिनी भिंतीकडच्या टेबलाशी बसली. पाच मिनिटं, म्हणून डोकं टेकवलं.

उठली तेव्हा दोन चाळीस झाले होते. मॉनिटर ओरडत होता.

हेडबाई त्याच संध्याकाळी गेली.

वहिनीला कुणी बोल लावला नाही. जंतूच भयंकर होते, वाचणं कठीणच होतं, असं सगळे म्हणाले. हेडबाईची आई तर जाताना वहिनीचा हात धरून म्हणाली, "तुम्ही किती दमलात हो. घरी जाऊन झोपा."

त्या वाक्याने वहिनीची झोप गेली. ती आई चिडली असती, दोन शब्द बोलली असती तर बरं झालं असतं, असं वहिनी म्हणते. त्यानंतर तिचा डोळ्याला डोळा लागत नव्हता. घरी आली की नुसती छताकडे बघत पडायची. आम्ही समजावलं, भाऊ चिडला, आईने सुट्टी घे म्हणून पाठ धरली. वहिनी हो म्हणायची आणि सकाळी डबा घेऊन जायची.

आता तो बुधवार.

तीन नंबरच्या बेडवर अडीच वर्षांचा मुलगा होता. अंगाने गुटगुटीत, म्हणून सिस्टर लोकांनी त्याचं नाव पहिलवान ठेवलेलं. त्याचीही किडनी बंद होती. तीन दिवस पिशवी कोरडी. तोंडात व्हेंटिलेटरची नळी आणि झोपेचं औषध चालू, त्यामुळे तो ना रडत होता, ना बोलत होता. बाहेर त्याची आई बाकावर बसून होती. दर वेळी दार उघडलं की तिची मान वर व्हायची. तिने विचारणंही सोडलं होतं, नुसती बघायची.

वहिनीबरोबरचा डॉक्टर पुन्हा आजारी. वहिनी अठ्ठावीस तास उभी.

सकाळी बघितलं तर बहुतेक आडव्या. दोन उभ्या. रक्तदाब कमी म्हणून सलाईन चालू.

सगळं तेच. वहिनीने पेनने तळहातावर मोठा दोनचा आकडा काढला. टेबलाशी बसायचंच नाही असं ठरवलं.

पण पाय ऐकेनात. दीड वाजता थोरल्या सिस्टरने तिला बळेच खुर्चीत बसवलं. ही सिस्टर तिथे बावीस वर्षं आहे, तिच्यापुढे डॉक्टरांचंही काही चालत नाही. तिने सांगितलं, दोनच्या ठोक्याला मी उठवते, आता तोंड बंद आणि डोळे बंद. वहिनीने मशीनकडे एकदा बघितलं. ते दुसऱ्या टोकाला, एक नंबरच्या पलीकडे चार्जिंगला लावलेलं होतं.

तिने टेबलावर डोकं ठेवलं. डावी कूस बाहेरच्या बाजूला.

पुढे काय झालं, तर दोनला पाच कमी असताना पाच नंबरच्या मुलीची सुई निघाली. खाटेभोवतीच्या पडद्यामागे दोघी सिस्टर आणि आयामावशी तिला धरून बसल्या. दोन वाजले. कुणीच वहिनीला उठवलं नाही.

वहिनी म्हणते, स्वप्न वगैरे काही नव्हतं. गाढ काळी झोप होती.

आणि मग अगदी कानाशी...

"उभ्या."

एवढंच. लहान मुलाचा आवाज. शेरा मारल्यासारखा.

वहिनी ताडकन उठली. समोरच्या घड्याळात दोन वाजून अकरा मिनिटं झाली होती.

हॉल शांत होता. व्हेंटिलेटरचा उसासा चालू होता. एकही मॉनिटर ओरडत नव्हता. पाच नंबरच्या पडद्याखाली तिघींचे पाय दिसत होते. बाकीच्या खाटांवर बोलू शकेल असं एकही मूल नव्हतं.

तिने मशीनकडे बघितलं.

एक नंबरच्या पलीकडे... नुसती वायर लोंबत होती.

मशीन नव्हतं.

ते तीन नंबरच्या बेडशी उभं होतं. पडदा चालू. चाकं जाताना खडखड करतात, अख्खा मजला ऐकतो. कुणीच ऐकली नव्हती.

वहिनी जवळ गेली. पडद्यावर एक चित्र थांबवून ठेवलेलं होतं. काळ्या पडद्यावर वरून खाली पांढऱ्या रेघा. एक नाही, दोन नाही. गर्दी.

पहिलवानाच्या छातीवर जेल होतं. ओलं, चमकणारं. तिने बोट लावलं...

कोमट होतं.

मग तिची नजर कीबोर्डवर गेली. कीबोर्ड खाली सरकवलेला होता. खाटेवर बसलेल्या लहान मुलीचा हात पोचेल, इतका.

घाबरायलाही वेळ लागतो आणि तो वहिनीकडे नव्हता. तिने प्रोब उचलला, स्वतः टेकवला. उजवीकडे उभ्या. डावीकडे उभ्या. मुलगा बुडत होता आणि मॉनिटरला अजून पत्ताच नव्हता.

तिने सलाईन बंद केलं आणि सिस्टरला हाक मारली. सिस्टरने किडनीच्या सरांना फोन केला, पोटातून डायलिसिस करायची तयारी झाली. पहिलवानाचा ऑक्सिजन खरा खाली यायला लागला तो दोन पंधराला. तोवर सगळे खाटेभोवती उभे होते. हाताशी सगळं होतं.

चार मिनिटं. तेवढ्या चार मिनिटांमुळे पोरगं वाचलं, असं सर नंतर म्हणाले. वहिनीला शाबासकी दिली. वहिनीने मान खाली घातली. आयुष्यात तिला एवढी लाज कधी वाटली नव्हती, कारण ती तर झोपली होती.

सगळं निवळल्यावर तिने सिस्टरला विचारलं, मशीन कुणी आणलं? सिस्टर म्हणाली, तुम्हीच नाही का? मावशींना विचारलं, त्या पाच नंबरला होत्या. ज्युनियर पोरं खाली लेक्चरला गेली होती. पहिलवानाच्या आईला विचारलं. ती दारासमोरच बसली होती. ती म्हणाली कुणी आत गेलं नाही, कुणी बाहेर आलं नाही.

मग वहिनीने ते थांबवलेलं चित्र नीट बघितलं. चित्राच्या वर पेशंटचं नाव असतं.

नाव पहिलवानाचं नव्हतं...

हेडबाईचं होतं. पूर्ण नाव, वय वर्षं सात.

सिस्टरने ते दोनदा वाचलं. मग म्हणाली, "कुणीतरी एंड दाबायचं विसरलं असेल."

हा त्यांच्याकडचा नेहमीचा घोळ आहे. एका मुलाची तपासणी संपली की मशीनवर एंडचं बटण दाबावं लागतं, तेव्हा त्याची फाईल बंद होते. नाही दाबलं तर पुढच्या मुलाची चित्रं आधीच्या मुलाच्या नावावर जातात. दमलेली माणसं हमखास विसरतात. वहिनी यावरून ज्युनियर पोरांची रोज हजेरी घेते.

वहिनीने ते लगेच मान्य केलं. तिला मान्य करायचंच होतं.

पण घरी येऊन आंघोळीला गेली तेव्हा डाव्या कुशीला काहीतरी वाळून चिकटलेलं लागलं. पातळ पापुद्रा. ओढला की सुटून येत होता. जेल वाळलं की असंच होतं. हात पुसले असतील तिथे, असं तिने मनाशी म्हटलं. कुर्त्याच्या आतून कसे पुसले, हा प्रश्न तिने स्वतःला विचारला नाही.

नवव्या दिवशी पहिलवानाने शू केली. पिशवीत सरळ पाव कप. थोरल्या सिस्टरने दार उघडून बाहेर जाहीर केलं आणि त्याची आई तोंडावर पदर धरून हसली. वहिनी जिन्यात जाऊन रडली. तिला मनापासून आनंद झाला होता, असं ती म्हणते. आणि त्याच वेळी हेडबाईची कोरडी पिशवी डोळ्यांपुढून हलत नव्हती.

त्यानंतर दोन दिवसांनी मशीनचा इंजिनियर नेहमीच्या तपासणीला आला. वहिनीने त्याला सहज वाटावं अशा आवाजात हेडबाईची फाईल उघडायला सांगितली.

त्याने बघितलं. म्हणाला, मॅडम, ही फाईल महिन्यापूर्वीच बंद झाली आहे. एंड दाबलेलं आहे. त्यानंतर चाळीसेक मुलांच्या फाईली झाल्या. बंद फाईलमध्ये नवीन चित्र जातच नाही.

मग तो पडद्याकडे वाकला.

फाईलमध्ये वहिनीने काढलेली एकतीस चित्रं होती. आणि त्याच्यापुढे... आणखी तीन. त्या बुधवारची.

पहिलं, उजवं फुप्फुस. दोन वाजून चार मिनिटं.

दुसरं, डावं फुप्फुस. दोन वाजून दहा. हेच पडद्यावर राहिलं होतं.

तिसरं या दोघांच्या मधलं होतं. दोन वाजून सात मिनिटं. ते फुप्फुस नव्हतं. किडनी होती.

इंजिनियरला त्यातलं काही कळत नव्हतं. पण वहिनीला बघताक्षणी कळलं की ही लहान मुलाची नाही. पहिलवानाची किडनी सात सेंटिमीटरच्या आतबाहेर. ही चांगली साडेदहा. मोठ्या माणसाची. डावी. आणि वरच्या टोकाला मटाराएवढा पाण्याचा फोड.

तो फोड वहिनीच्या ओळखीचा होता.

हे मशीन शिकताना शिकाऊ डॉक्टर एकमेकांच्या अंगावर सराव करतात. बारा वर्षांपूर्वी एका मैत्रिणीने वहिनीच्या डाव्या कुशीला प्रोब लावला होता आणि तो फोड सापडला होता. साधा, निरुपद्रवी, पुष्कळांना असतो. पुढे कित्येक वर्षं त्यावरून सगळे तिला चिडवत होते. आपला चेहरा आरशात ओळखावा तशी तिने ती किडनी ओळखली.

दोन वाजून सात मिनिटांनी वहिनी टेबलावर डोकं ठेवून झोपली होती. डावी कूस बाहेरच्या बाजूला.

आता तू झोप, मी तुला बघते.

"मॅडम, हा पेशंट कोण?" इंजिनियरने विचारलं. वहिनीने चुकून आलं असेल म्हणून सांगितलं आणि त्याला चहाला पाठवलं.

मग एकटीने तिने ते चित्र पुन्हा बघितलं. तेव्हा तिला दिसलं...

चित्रावर बाण होता.

फोडावर नाही. फोडाच्या बऱ्याच खाली, जिथे काहीच नाही, अशा एका जागेवर. नीट, थांबून, विचार करून ठेवल्यासारखा.

वहिनीने सगळ्या तपासण्या केल्या. रक्त, लघवी, मोठं स्कॅन. किडनीच्या सरांना कारण न सांगता दाखवून घेतलं. सगळं नॉर्मल. त्या जागेवर काहीही नाही. सर म्हणाले, तुला एकच आजार आहे, दमणं. सुट्टी घे.

हे मला सांगून झालं तेव्हा भांडी संपली होती. मी म्हटलं, अगं, पोरगी खेळत असेल. तुझ्यावर राग असता तर तिने तुला उठवलं असतं का? तिने माफ केलं तुला. हे मीच बोलतोय यावर माझा विश्वास बसत नव्हता.

वहिनी हात पुसत म्हणाली, "माफ केलं असेल रे. पण तिने बाण उगाच कधी ठेवला नाही."

आता दर रविवारी दुपारी वहिनी घरी बघते. फोनला जोडायचा छोटा प्रोब मिळतो, तो तिने आणलाय. ती उजव्या कुशीवर सोफ्यावर पडते, प्रोब स्वतः धरते, फोन उशीशी ठेवते. मी पाठीमागे बसून जेल लावतो. काही दिसतं का, मी विचारतो. काही नाही, ती म्हणते. मग आम्ही चहा पितो. इतके महिने झाले, काही नाही. दोघंही आता या प्रकाराला कंटाळलो आहोत, पण रविवार चुकवायची हिंमत होत नाही.

गेल्या रविवारची गोष्ट सांगतो आणि थांबतो.

ती नेहमीसारखी पडली होती. डोळे मिटलेले, अर्धवट झोपेत. मी फ्रीजवरून जेलची बाटली घेऊन येत होतो. सोफ्यापासून चार पावलांवर होतो.

तेवढ्यात ती पुटपुटली, "आज बरं केलंस रे, कोमट केलंस ते."

मी तिथेच उभा राहिलो.

तिच्या डाव्या कुशीवर जेल चमकत होतं. फोडाच्या बऱ्याच खाली. आणि फोनच्या पडद्यावर चित्र थांबलेलं होतं.

बाटली माझ्या हातात होती. गार. टोपण लावलेलं.

मी वहिनीला अजून काही बोललेलो नाही. उद्या पुन्हा रविवार आहे.